पोळीवाचून ताट

"अगं, चिनूच्या अंगाला काही लागतच नाही का?" शेजारच्या काकूंनी असं विचारलं की मी रडकुंडीला येई. अडीच वर्षांचा मुलगा. हातापायांच्या काड्या, पोट मात्र फुगलेलं. सारखे जुलाब, वजनाचा काटा हलेना. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी पोळीवर तूप वाढवलं. त्रास पोळीचाच आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही!

कणीक मळली की जो चिवटपणा येतो, तो ग्लूटेन या प्रथिनाचा. गव्हात ते असतं, जवातही. सीलिॲक आजार असलेल्या मुलांना ते सोसत नाही; आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. या आजारात गव्हाचा दोष कसा, हे डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडलं.

मैत्रिणींनो, मी करणार होते ती चूक तुम्ही करू नका. ऐकीव माहितीवर मी पोळी बंदच करायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, "थांबा, आधी रक्त तपासू. गहू सोडल्यावर तपासलं तर आजार असूनही दिसत नाही." पुढे दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला, तेव्हा निदान पक्कं झालं.

"गहू थोडा कमी केला तर?" मी विचारलं. "कमी नाही, पूर्ण बंद. आणि जन्मभर!" निरोगी मुलाची पोळी मात्र उगीच तोडू नये, हेही त्यांनी बजावलं.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा हे सारं चालतं. भाकरी, घावन, उकडीचे मोदक आहेतच की! पण रवा, मैदा, शेवया, बिस्किटं बंद. जवाचं माल्ट घातलेली दुधातली पावडरही नको. डब्यातल्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा वेष्टन वाचून घ्या. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की गहू आलाच. म्हणून चिनूचं दळण मी घरीच वेगळं दळते. त्याचे पोळपाट-लाटणं, तवा, डबेही निराळे.

सुरुवातीला सासूबाई म्हणत, "एका घासानं काय होतंय?" आणि लपून भरवीत. त्याचे जुलाब पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्याच रात्रभर उशाशी बसल्या. त्यानंतर घास थांबला आणि काही महिन्यांत वजनाचा काटाही हलला. आता घरी पाहुणे आले की पहिल्यांदा त्याच सांगतात, "आमच्या चिनूला पोळी देऊ नका हो!"