विश्लेषण : थीम पार्कच्या सहलीला व्हिडिओ कॅमेरा न्यावा की घरीच ठेवावा?

परीक्षा संपल्या की खडकीतल्या अनेक घरांत एकच बेत शिजतो. मुलांना घेऊन एक दिवस खोपोलीजवळच्या थीम पार्कला जाण्याचा. द्रुतगती मार्गाने दीड-दोन तासांचा रस्ता. तिकिटे काढून होतात, आजीला दिवसभराची दगदग झेपेल का यावर चर्चा होते, कपड्यांचा जादा जोड पिशवीत जातो. शेवटी प्रश्न उरतो कॅमेऱ्याचा. फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. मग कपाटातला व्हिडिओ कॅमेरा किंवा भाड्याचा ॲक्शन कॅमेरा न्यायचा का? आणि नेलाच, तर दिवसभर तो धरणार कोण? प्रश्न किरकोळ वाटतो, पण सहलीचा दिवस कसा जाईल आणि वीस वर्षांनी त्यातले काय हाती उरेल, हे बरेचसे त्याच्या उत्तरावर ठरते.

हा प्रश्न नवा आहे का?

नाही. सोनी कंपनीने १९८५ मध्ये ‘हँडीकॅम’ बाजारात आणला आणि व्हिडिओ चित्रीकरण घरगुती हातांत आले. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले ते १९८९ मध्ये. त्यानंतरच्या दशकात परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने आणलेला किंवा लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून मागून घेतलेला कॅमेरा सहलीला नेणे ही मोठी चैन होती. कॅसेट महाग आणि तिची लांबी ठरलेली, त्यामुळे काय टिपायचे याचा विचार आपोआप व्हायचा. आज ती मर्यादा उरलेली नाही. खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले तेव्हा स्मार्टफोन मध्यमवर्गीय घरांत शिरत होते. आता कॅसेट संपत नाही, संपते ती फोनची बॅटरी आणि बघणाऱ्याचा धीर.

जुन्या कॅसेटींतून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. एस्सेलवर्ल्ड आता बंद झाले आहे. त्या काळची कॅसेट आज कोणी लावली, तर पाळण्यांच्या दृश्यांवर नजर फारशी ठरत नाही. ठरते ती मधेच कॅमेऱ्यासमोर आलेल्या आजोबांवर, ‘अरे, बंद कर ते’ म्हणणाऱ्या आईच्या आवाजावर, भावंडांच्या भांडणावर. आणि ज्यांनी दिवसभर कॅमेरा धरला, ते वडील त्या कॅसेटमध्ये जवळजवळ नसतातच.

कॅमेऱ्यामुळे आठवण पक्की होते की पुसट?

संशोधनाचे उत्तर दुहेरी आहे. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना संग्रहालयात नेले. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही वस्तू नुसत्या पाहायच्या, असे त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेरा लक्षात ठेवेल, म्हणून मन ते काम सोडून देते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांच्यात ही घट दिसली नाही. बारकाईने पाहावे लागले की आठवणही टिकते.

ॲलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला निष्कर्ष सहलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. काय टिपायचे हे स्वतः ठरवून फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त आठवले, पण ऐकलेले कमी. याच गटाच्या २०१८ मधील अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली : फोटो समाजमाध्यमावर टाकण्याच्या हेतूने काढला, तर त्या अनुभवाचा आनंद घटतो. आपण कसे दिसू, या काळजीत मन अडकते. स्वतःच्या संग्रहासाठी फोटो काढणाऱ्यांना ही अडचण तेवढी जाणवत नाही.

हे प्रयोग छायाचित्रांवरचे आहेत, व्हिडिओवरचे नाहीत. तरीही त्यातून कामाचा धडा मिळतो. कॅमेरा धरणाऱ्याच्या कानावरून दिवसातले बरेच बोलणे नुसते वाहून जाते. तेव्हा एकाच माणसाच्या गळ्यात दिवसभर कॅमेरा अडकवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

राइडवर कॅमेरा का चालत नाही?

कारण साधे भौतिकशास्त्र आहे. इमॅजिकातल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. त्या वेगाने हातातून निसटलेला २०० ग्रॅमचा फोन एखाद्याला लागला, तर तो तेरा मजली इमारतीवरून पडल्यासारखा लागतो. शिवाय उलट्या वळणावर किंवा अचानक खाली येताना हाताची पकड नेमकी कधी सुटेल, हे सांगता येत नाही. म्हणूनच जगभरातल्या मोठ्या पार्कांत वेगवान राइडवर सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत. डिस्नेने २०१५ मध्ये आपल्या पार्कांत सेल्फी स्टिकवर पूर्ण बंदी घातली.

छातीला पट्ट्याने बांधायचा ॲक्शन कॅमेरा तरी चालेल का? प्रत्येक पार्कचा आणि प्रत्येक राइडचा नियम वेगळा असतो. तो आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर वाचावा, रांगेत तासभर उभे राहून दारातून परत फिरण्यापेक्षा ते बरे. ट्रायपॉड, ड्रोन किंवा व्यावसायिक स्वरूपाचे चित्रीकरण असेल, तर आधी परवानगी काढावी लागते, असेच समजून चालावे.

कॅमेरा आत नेता येत नसेल, तर तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो किंवा कोणाला तरी बाहेर थांबून सांभाळावा लागतो. बहुतेक घरांत ही जबाबदारी आजीवर किंवा आईवर येते. कॅमेरा न्यायचा की नाही, हे ठरवताना हा हिशेब आधी मांडायला हवा. कॅमेरा नेल्यामुळे घरातले एक माणूस दिवसभर पिशव्या राखत बसणार असेल, तर तो फार महाग पडला.

वॉटर पार्कमध्ये काय काळजी घ्यावी?

‘आयपी ६८’ असे फोनच्या खोक्यावर लिहिलेले असले, तरी ती चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यातली असते. क्लोरीनचे पाणी, घसरगुंडीवरचा जोराचा फवारा आणि वरून पडण्याचा धक्का यांचा त्यात विचार नसतो. पाणी शिरून झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

दुसरा मुद्दा इतरांच्या खासगीपणाचा. पाण्यात खेळणारी अनोळखी माणसे, विशेषतः महिला आणि मुले, आपल्या चित्रीकरणात येणार नाहीत हे पाहणे ही कॅमेरा धरणाऱ्याची जबाबदारी आहे. कपडे बदलण्याच्या जागी महिलांचे चोरून चित्रीकरण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई देखील अशा प्रकारांना लागू होऊ शकते. त्यामुळे त्या भागात कॅमेरा किंवा फोन हातात नसावा, हेच उत्तम.

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला?

याच्या बाजूने एक भक्कम कारण आहे आणि ते चित्राच्या दर्जाचे नाही. आजच्या सहलीत फोन हेच तिकीट असते, पाकीट असते आणि हरवलेल्या माणसाला शोधण्याचे साधनही असते. दुपारी तीनपर्यंत चित्रीकरणात बॅटरी संपली, तर संध्याकाळी पैसे द्यायचे कसे आणि गाडीवाल्याला बोलवायचे कसे, असा पेच पडतो. वेगळा कॅमेरा असला, तर फोन या कामांना मोकळा राहतो. कॅमकॉर्डरचा ऑप्टिकल झूमही फोनपेक्षा बराच लांबचे टिपतो. खाली उभे राहून उंच पाळण्यातल्या नातवाचा चेहरा पकडायचा असेल, तर तो उपयोगी पडतो.

विरोधातली कारणेही तेवढीच खरी आहेत. एक जास्तीचे ओझे, जास्तीचा चार्जर आणि हरवण्याची धास्ती. भाड्याने घेतला तर अनामत रक्कम आणि नुकसान झाल्यास भरपाई. शिवाय न सरावलेल्या हातांना नवा कॅमेरा ऐन वेळी त्रासच देतो. घरातल्या कोणाला कॅमकॉर्डर वापरायची सवय नसेल, तर फोन आणि एक पॉवर बँक पुरे.

साठवणुकीचे गणितही करून पाहावे. नव्या फोनवर फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी जागा घेतो, तर फोर-के सुमारे १७० एमबी. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत मिळतात १५ जीबी, आणि त्यात जीमेलही आले. म्हणजे ती सगळी जागा रिकामी असली, तरी फोर-के व्हिडिओ जेमतेम दीड तासाचा बसतो. घरगुती आठवणींसाठी फुल एचडी पुरेसे आहे.

खडकीकरांसाठी वेगळे काय?

दोन गोष्टी. पहिली सावधगिरीची. सहलीचा व्हिडिओ घराच्या दारापासून सुरू करण्याची मुलांना हौस असते. पण खडकी हा छावणीचा भाग आहे. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आणि लष्कराच्या अनेक आस्थापना येथे आहेत. अशा प्रतिबंधित ठिकाणांचे चित्रीकरण १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली अडचणीत आणू शकते. फाटके, भिंती, पहारे यांवर कॅमेरा फिरवू नये. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडून दापोडी मागे पडेपर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. ‘आम्ही सगळे आज बाहेर आहोत’ हेही समाजमाध्यमावर थेट टाकू नये. रिकाम्या घराची ती जाहिरात ठरते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या बाजूची. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीतच आहे आणि जवानांची कुटुंबे या परिसराला नवी नाहीत. ज्या घरातला बाप सुट्टीच्या काळात दूरच्या चौकीवर असतो, तिथे सहलीचा व्हिडिओ ही हौस राहत नाही. तो त्याच्या वाट्याची सहल असतो. परगावी नोकरी करणाऱ्या किंवा गुडघ्यांमुळे घरी थांबलेल्या आजोबांबाबतही हेच खरे. अशा माणसासाठी टिपायचे असेल, तर कॅमेरा जरूर न्यावा. त्या व्हिडिओला छान दिसण्याची गरज नसते, मुलांनी कॅमेऱ्याकडे बघून ‘बाबा, हे बघा’ म्हणणे पुरेसे असते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा पोहोचतो.

टिपायचे काय आणि कोणी?

राइडचे उत्तम चित्रीकरण इंटरनेटवर आधीच आहे आणि ते कोणत्याही घरगुती प्रयत्नापेक्षा सरस आहे. तिथे नसते ते आपले माणूस. म्हणून रांगेत कंटाळलेली मुले, राइडवरून उतरल्यावरचे पांढरे पडलेले किंवा खुललेले चेहरे, जेवणाचे टेबल, परतीच्या गाडीत पेंगणारी धाकटी यांवर कॅमेरा असावा. आजीला राइड झेपत नसेल, तर तिला एक प्रश्न विचारून तिला बोलू द्यावे, ‘तुमच्या लहानपणी जत्रेत काय असायचे?’ तिचा आवाज हा त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग ठरू शकतो. कॅमेरा धरणाऱ्याच्या स्मरणातून जे निसटते, ते ऐकलेले. यंत्राने नेमके तेच राखावे.

एक सोपी वाटणी करता येते. दिवसभरात मिळून वीस मिनिटे, एकेक तुकडा मिनिटभराचा आणि दर तासाला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. दहा वर्षांच्या मुलाने खालून टिपलेले आई-वडील थोडे तिरपे येतील, पण येतील तरी. उरलेला वेळ कॅमेरा बंद.

मग निर्णय काय?

दूर असलेल्या कोणासाठी टिपायचे असेल, वापरणारा सरावलेला असेल आणि कोणाला राखण करत बसावे लागणार नसेल, तर कॅमेरा न्यावा. यातले काहीच नसेल, तर फोन पुरे. मोठ्या राइडवर दोन्ही नकोत.

आणि घरी आल्यावरचे काम विसरू नये. त्याच आठवड्यात नको ते तुकडे काढून टाकावेत, उरलेले फोनबाहेर दोन ठिकाणी ठेवावेत आणि फाइलला तारीख व ठिकाणाचे नाव द्यावे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी आहेत, त्यांनी त्याही लवकर डिजिटल करून घ्याव्यात. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते आणि व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतला व्हीसीआर आज ना उद्या मिळेनासा होईल. त्या कॅसेटीतला आवाज कोणाचा, हे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर ते काम उरकलेले बरे.