वादग्रस्तांचं चरित्र, चारचौघांच्या हाती

४ सप्टेंबर २०२२. दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना ऐन रंगात असताना अर्शदीप सिंगच्या हातून असिफ अलीचा झेल सुटला. सामना पाकिस्तानने जिंकला आणि इकडे विकिपीडियावरच्या अर्शदीपच्या चरित्रात कुणी बिननोंदणीच्या संपादकाने 'भारत' खोडून तिथे 'खलिस्तान' घातलं. इतर संपादकांनी काही मिनिटांत मजकूर पूर्ववत केला. पण तोवर स्क्रीनशॉट देशभर फिरले होते आणि केंद्र सरकारने विकिपीडियाच्या प्रतिनिधींना जाब विचारायला बोलावलं.

हा प्रकार पकडायला सोपा. शिवी लगेच दिसते. अवघड असतं ते सभ्य भाषेतलं खोटं.

जॉन सायगेन्थॉलर हे अमेरिकेतले नामवंत पत्रकार, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट केनेडींचे सहायक. मे २००५ मध्ये त्यांच्या नावाचा एक छोटेखानी लेख विकिपीडियावर आला. जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय काही काळ होता, ते १९७१ ते १९८४ सोव्हिएत संघात राहिले, असं त्यात कोशाच्या थंड सुरात लिहिलेलं. सगळं धादांत खोटं. एका गृहस्थाने सहकाऱ्याची गंमत करायला केलेला तो उद्योग होता. चार महिने तो मजकूर तसाच राहिला. नोव्हेंबरअखेर सायगेन्थॉलर यांनी 'यूएसए टुडे'त जाहीर लेख लिहिला, तेव्हा इंग्रजी विकिपीडियाला जाग आली. नवा लेख सुरू करायला नोंदणी सक्तीची झाली. जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळा नियमही आला: बदनामीकारक मजकुराला पक्का आधार नसेल तर तो आधी काढायचा, वाद मग घालायचा.

बदनामीइतकीच डोकेदुखी कौतुकाची. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे खासदार मार्टी मीहान यांच्या कर्मचाऱ्यांनी साहेबांचं चरित्रच बदलून टाकल्याचं उघड झालं. ठरावीक मुदतीनंतर पद सोडण्याचं न पाळलेलं वचन त्यातून गायब झालं होतं. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनीही स्वतःच्या चरित्रातून लॅरी सँगर यांचं सहसंस्थापकपद पुसून पाहिलं. २००५ साली ते चव्हाट्यावर आलं आणि वेल्सना दिलगिरी व्यक्त करावी लागली. संस्थापकालाही स्वतःच्या पानावर लुडबुड करता येऊ नये, ही या व्यवस्थेची जमेची बाजूच म्हणायची.

मग तटस्थ म्हणजे काय? निम्मी स्तुती, निम्मी निंदा असा हिशेब काहीजण मांडतात. तो साफ चुकीचा आहे. 'भ्रष्ट नेता' हे मत झालं. 'अमुक प्रकरणात आरोपपत्र दाखल झालं, खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं' ही माहिती झाली, पण तिन्ही पायऱ्या असतील तरच. पहिल्या दोन लिहून तिसरी गाळली, तर प्रत्येक वाक्य खरं असूनही चरित्र खोटं ठरतं. प्रमाणाचंही तसंच. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीला दोन परिच्छेद आणि गेल्या महिन्यातल्या एका वक्तव्याला आठ, असा लेख संदर्भांनी खचाखच भरलेला असला तरी एकांगीच. 'वाद' नावाचा वेगळा विभाग हे या आजाराचं हमखास लक्षण. ज्याला जी बातमी सापडेल ती तिथे आणून टाकतो. ती घटना आयुष्यक्रमात जिथे घडली तिथेच सांगितली, तर तिचं वजन आपोआप कळतं.

मराठीला चरित्रकोश नवे नाहीत. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा अर्वाचीन चरित्रकोश १९४६चा. छापील नोंद एकदा बांधणीत गेली की समर्थकांना रात्रीतून बदलता येत नसे, आणि चूक असली तर तीही तशीच राही. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर चूक लगेच दुरुस्त करता येते, पण ती पाहणारे डोळे इंग्रजीच्या मानाने फार थोडे. आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या, बुवा-महाराजांच्या पानांवर म्हणूनच 'लोकनेते', 'झंझावात', 'प्रेरणास्थान' असली फ्लेक्सवरची भाषा आढळते. ती काढणाऱ्याला विरोधी गोटातला ठरवायला वेळ लागत नाही.

तेव्हा एखाद्याचं पान उघडलंत तर वरच्या 'चर्चा' आणि 'इतिहास' या दुव्यांवरही टिचकी मारा. कोणतं वाक्य कधी आलं, कुणी काढलं, का काढलं, ते तिथे दिसतं. आणि घरात जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं असतील, तर तारीख-पानासकट त्यांचा संदर्भ द्या. मराठी पानांना आज विशेषणांपेक्षा त्याची गरज जास्त आहे.