कोरी गाडी किती कोरी?

मराठीत ‘कोरा’ या शब्दाला मोठा मान आहे. कोरा कागद, कोरे कापड, कोरे भांडे! दुधावाचूनचा कोरा चहा सोडला, तर ज्याला कुणी वापरले नाही ते कोरे. मोटार मात्र या अर्थाने कधीच कोरी नसते. कारखान्यात ती चालवून पाहतात, ट्रेलरवर चढवतात, उतरवतात, आवारात हलवतात. तेव्हा मीटरवर दहा-वीस किलोमीटर दिसले तर बिचकू नये. आकडा शेकड्यांत गेला, की मात्र विचारावे.

माझ्या मेव्हण्यांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून गाडी घ्यायचे ठरवले. मुहूर्त दसऱ्याचा. उरलेली रक्कम भरण्याआधी गाडी पाहून घेऊ, असा मी आग्रह धरला. आम्ही तिघे विक्रेत्याच्या आवारात गेलो. ताईने चष्मा लावून आकडा मोठ्याने वाचला : ३८६.

“मॅडम, ट्रेलर मिळाला नाही, म्हणून ड्रायव्हरने दुसऱ्या शहरातून रस्त्याने आणली,” विक्रेत्याचा माणूस म्हणाला.

“मग तसे कागदावर लिहून द्या.”

तशी तयारी दिसेना. दुसरी गाडी दसऱ्याला मिळणार नाही, हे मात्र त्याने तत्परतेने सांगितले. मेव्हणे कुजबुजले, “अगं, मुहूर्त टळेल!”

“पाडवा आहे ना! अर्धा मुहूर्त चालेल मला, अर्धी जुनी गाडी नको.”

पाडव्याला आलेल्या गाडीने ११ किलोमीटर दाखवले.

आता, आकडा लहान म्हणून निर्धास्त व्हावे, असेही नाही. अमेरिकेत १९८७ साली क्रायस्लर कंपनीवर खटला झाला. तिचे अधिकारी नव्या गाड्या मीटरची जोडणी सोडवून वापरत आणि पुढे त्याच गाड्या कोऱ्या म्हणून विकल्या जात. अशा गाड्या ६०,००० हून अधिक निघाल्या! कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना जाहीर माफी मागावी लागली. म्हणून मीटरबरोबर टायरची झीज आणि पेडलांचे रबरही पाहावे. चासी क्रमांक व उत्पादनाचा महिना कागदांशी ताडून घ्यावा.

हे सारे करायचे ते नोंदणीपूर्वी. आजकाल गाडी हाती येते तीच नंबरपाटी लावून. एकदा ती आपल्या नावावर चढली, की परत करणे फार जिकिरीचे. तेव्हा आवारातच मीटरचे छायाचित्र घ्यावे आणि ताबा घेताना आकडा पावतीवर लिहवून मगच सही करावी.

आपण कापड घेताना दोन बोटांत चुरडून पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो. त्याचा दुकानदाराला राग येत नाही. मग आयुष्याची पुंजी मोजताना चार आकडे वाचायला संकोच कसला? यंदा पाडव्याला गाडी घेणाऱ्या वाचकांनी पेढे वाटावेत, पण आधी मीटर वाचावे!