चाँदरातीनंतर कारीगर कुठे जातात?

पंधरावा रोजा उलटला की आपल्या बाजारपेठेतल्या टेलरच्या दुकानांवर एक पाटी लागते : ‘नवीन ऑर्डर बंद’. आत तीन मशीनच्या जागी सात-आठ मशीन खडखडत असतात. कटिंग मास्टर तोच, पण मागे बसलेले चेहरे नवे. कोणी भाचा, कोणी गावाकडचा, कोणी आमच्याच कॉलेजचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. तरावीहची नमाज झाली की काम सुरू होते ते सहरीपर्यंत चालते. काज-बटणाचे गठ्ठे शेजारच्या गल्लीत जातात, इस्त्री तिसरीकडे होते. मजुरी नगावर. चाँदरातीला हिशेब होतो, ईदी हातात पडते आणि ईदनंतर दुकान पुन्हा तीन मशीनचे होते.

एखादा धंदा माणसे कधी वाढवतो आणि कधी कमी करतो, हे वर्गात शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. रोनाल्ड कोझ या अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता : बाजारातून हवे ते काम करून घेता येते, तर मालक माणसे पगारावर ठेवतोच कशाला? त्याचे उत्तर असे की, दर वेळी माणूस शोधणे, भाव ठरवणे, कामावर नजर ठेवणे यालाही खर्च येतो. तो खर्च जास्त असेल तर माणूस घरात घ्यायचा, कमी असेल तर काम बाहेर द्यायचे. आमच्या मास्टरांनी कोझ वाचलेला नाही. पण काज-बटण बाहेर आणि कटिंग स्वतःच्या हातात, हे गणित त्यांना बरोबर जमते.

प्रश्न पुढचा आहे. वीस वर्षे चाललेले दुकान तीन मशीनचेच का राहते?

हे एका गल्लीपुरते नाही. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत सुमारे १३ कोटी माणसे कामाला आढळली. म्हणजे सरासरी सव्वादोन माणसे. चांग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ च्या अभ्यासात कारखान्यांचे वय आणि आकार यांची तुलना केली. अमेरिकेत चाळीस वर्षांच्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून अधिक कामगार असतात, मेक्सिकोत दुप्पट. भारतातही कारखाना टिकला, तरी माणसे सुमारे दुप्पटच होतात.

याचे खापर बहुतेक वेळा कायद्यावर फोडले जाते. त्यात तथ्य आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची रेषा होती, २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. रेषेच्या अलीकडे राहण्यासाठी एकाच शेडमधले साचे भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर वाटले जातात, हे यंत्रमागाच्या गावांना नवीन नाही. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या रिकाम्या होत गेल्या आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या शेडमध्ये अधिकाधिक विणले जाऊ लागले. हजारो कामगारांची गिरणी आकसली, तिच्या जागी पाच-दहा माणसांच्या शेडी वाढल्या. कापड थांबले नाही. थांबली ती हजेरीपटावरची नोकरी.

पण मला कायद्याइतकेच मोठे कारण विश्वासाचे वाटते. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनी किती मोठी होणार, हे व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर जास्त ठरते, असे त्यात दिसले. गल्ल्याची किल्ली सख्ख्याशिवाय कोणाला द्यायची नाही. मग दोन मुलगे असतील तर दोन शाखा, तिसरी नाही. (मुलींची मोजणी इथेही होत नाही, हे जाता जाता.) हा स्वभाव हिंदू पेढीचा आणि मुस्लिम कारखान्याचा सारखाच आहे.

टेलरिंगच्या धंद्यात आणखी एक गंमत आहे, ती चंद्राची. इस्लामी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. २००५ आणि २००६ मध्ये दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. २०१७ आणि २०१८ मध्ये ईद जूनमध्ये होती, ऐन शाळेच्या गणवेशांच्या दिवसांत. अशा वर्षी दोन्ही गर्दी एकावर एक पडतात : दीड महिना श्वास घ्यायला फुरसत नाही आणि नंतर मशीनवर धूळ. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला, ईद ३१ मार्चला होती. म्हणजे ईदनंतर लगेच एप्रिल-मेचे लग्नसराईचे ब्लाउज-शेरवानी आणि जूनचे गणवेश. कामाची साखळी चार-पाच महिने तुटत नाही. २०३० मध्ये रमजान जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर सुरू होईल, तेव्हा साखळी पुन्हा वेगळी जुळेल.

सध्याच्या वर्षांत म्हणूनच मास्टरांना एक-दोन कारीगर ईदनंतरही ठेवणे परवडू शकते. चार महिने सलग ठेवलेल्या पोराला शेरवानीची कॉलर शिकवता येते. पंधरा दिवसांसाठी आलेल्याला कोणी शिकवत नाही, त्याच्याकडून फक्त सरळ शिलाई मारून घेतली जाते. आणि सरळ शिलाई मारणारा पुढच्या रमजानलाही तेवढ्याच दराने येतो, किंवा येतच नाही. मग मास्टर तक्रार करतात की आजकाल कारीगर मिळत नाहीत.

आमच्या वर्गातली काही मुले या दिवसांत मागच्या बाकावर झोपतात. मी उठवत नाही. ईदनंतर मात्र मी त्यांना एकच विचारतो : काय शिकलात, आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले का?