पर्जन्यमापक आणि आपली मुले

आमच्या सेनगाव तालुक्यात मुलगा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला, म्हणजे घरोघरी एकच विचार सुरू होतो: सैन्यात भरती, पोलिसात भरती, की तलाठ्याची परीक्षा? आपल्याच शिवारातील पाऊस, माती व भूजल यांचे शास्त्र हाही पोटापाण्याचा उत्तम व्यवसाय आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. प्रस्तुत लेखकास तो बोध एका मुलामुळे झाला, आणि तोही उशिरा.

महसुली नोकरीत असताना एका कचेरीत पावसाची नोंद ठेवण्याचे काम मजकडे होते. सकाळी साडेआठास पर्जन्यमापकातील पाणी मोजपात्रात ओतावयाचे व आकडा वहीत लिहावयाचा. एका पावसाळ्यात मोजपात्र फुटले. अडगळीत दुसरे सापडले, त्यावर मी काम चालविले. चार दिवसांनी एक गुरुजी आठवीच्या मुलांस यंत्र दाखविण्यास घेऊन आले. त्यांतील एकाने यंत्राच्या तोंडाचे क्षेत्रफळ विचारले. ते 200 चौरस सेंटिमीटर होते. त्याने मोजपात्र उलटेसुलटे करून पाहिले व भीत भीत म्हणाला, "काका, या भांड्यावर तर 100 लिहिले आहे. मग तुम्ही पाऊस दुप्पट लिहिता!"

हिशेब बिनचूक होता. 200 चौरस सेंटिमीटर तोंडात एक मिलिमीटर पाऊस पडला, तर 20 घन सेंटिमीटर पाणी जमते. ते पात्र मात्र 10 घन सेंटिमीटरलाच एक मिलिमीटर दाखवी. वहीत एके दिवशी मी 72 लिहिले होते. खरा पाऊस 36. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, तरच अतिवृष्टी गणली जाते व नुकसानभरपाईचा प्रश्न निघतो, हे वाचक जाणतातच. दुरुस्तीचे पत्र गेले, मला ठपका मिळाला, आणि काही कास्तकार मजवर रुष्ट झाले ते निराळेच.

तो मुलगा आज पुण्याकडे एका गोदामावर पहारेकरी आहे. बारावीनंतर काय करावे, असे त्याच्या वडिलांनी मला विचारले होते. मला सांगता आले नाही.

आज विचारतील तर सांगेन. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले. तेथे कृषी हवामानशास्त्र शिकवितात, आणि कृषी अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात मृद व जलसंधारणाचे शिक्षण मिळते. नांदेडचे विद्यापीठ 1994 चे. तेथे भूशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत व झिजलेल्या थरांत राहते; ते कोठे व किती, हे भूशास्त्रज्ञ सांगतो. नारळ हातावर धरून पाणी दाखविणाऱ्यास आपण दक्षिणा देतो, पण शिकलेल्यास विचारीत नाही, हे नवल होय.

परंतु विद्यापीठाची वाट शाळेतून जाते. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तेथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करून शिकतात. लोखंडकाम व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. ज्या मुलाने स्वतः माती तपासली, त्यास पुढे रसायनशास्त्राची भीती वाटत नाही. अर्थात, त्या एका दिवसाने गणित बुडते अशी तक्रार पालक करणारच. माझा अनुभव उलट आहे.

आमच्या शाळांनी निदान पावसापासून आरंभ करावा. सन 2017 पासून महावेध योजनेत मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. तथापि एका मंडळात अनेक गावे. एका गावी धो धो, तर दुसऱ्या गावी धूळ. शाळेच्या अंगणात साधा पर्जन्यमापक ठेवून मुलांनी रोजची नोंद केली व ती केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहिली, तर फरक का पडतो हे गुरुजींस विचारल्यावाचून ती राहणार नाहीत. तसेच ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या चार महिन्यांत गावच्या विहिरींची पातळी मोजावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते. लागते काय? खुणा केलेली दोरी, एक वजन व वही. मुलांस काठापासून दूर उभे करून दोरी मोठ्या माणसाने सोडावी.

माझी विहीर गावालगतच आहे. येत्या ऑक्टोबरात गुरुजींनी मुले आणावीत. दोरी मी करून ठेवली आहे.