स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागला? आधी बॅटरीची टर्मिनल बघा

कर्जत : मिरजगावला वलीम्याची दावत उरकून आमचे मामू रात्री कर्जतकडे निघाले होते. गाडीत मामी, दोन पोरं आणि मागच्या सीटवर नानी. वाटेत एका वळणाच्या आधी डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह असा दिवा लागला आणि स्टेअरिंग एकदम जड झालं. "जाम झालं की काय," म्हणत मामूंनी घाबरून गाडी कडेला घेतली. बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा गायब. चार-पाच किलोमीटरवर पुन्हा हजर.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये सांगितलं गेलं की पूर्ण कॉलम असेंब्ली बदलावी लागेल. आकडा ऐकून मामी म्हणाल्या, "त्यापेक्षा गाडीच विकून टाका." शेवटी कर्जतमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बोनेट उघडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली होती आणि क्लॅम्प हाताने हलत होता. साफ करून घट्ट केलं, तेव्हापासून दिवा लागलेला नाही. प्रत्येक गाडीचा दोष एवढ्यावर निघतो असं मुळीच नाही. पण तपासणीची सुरुवात इथूनच व्हायला हवी, आणि ती का, हे समजून घेणं प्रत्येक गाडीवाल्याच्या कामाचं आहे.

आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ईपीएस असतं, म्हणजे विजेवर चालणारं पॉवर स्टेअरिंग. तुम्ही चाक किती जोर लावून फिरवताय हे टॉर्क सेन्सर मोजतो, ईसीयू हिशेब करतो आणि एक मोटर तुमच्या हाताला मदत करते. या साखळीत कुठे गडबड दिसली की ईसीयू मोटर बंद करतो आणि दिवा लावतो. चाकं आणि स्टेअरिंग यांचा लोखंडी सांधा मात्र तसाच जोडलेला राहतो. म्हणून गाडी वळते, फक्त ताकद जास्त लागते. वेगात फारसा फरक जाणवत नाही. गल्लीत, पार्किंगमध्ये मात्र दंड भरून येतात. घाबरून चालत्या गाडीची चावी कधीही बंद करू नका. ब्रेकची मदतही जाते आणि चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

आता बॅटरीच का? उभ्या गाडीत चाक फिरवताना ही मोटर खूप करंट ओढते. बॅटरी थकलेली असेल किंवा टर्मिनल ढिलं असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली कोसळतं आणि ईसीयूला वाटतं काहीतरी बिघडलं. मल्टिमीटर असेल तर घरीच बघता येतं. गाडी काही तास बंद राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धीअधिक रिकामी समजा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं येत नसेल तर संशय अल्टरनेटरवर किंवा ढिल्या बेल्टवर. स्टेअरिंगच्या दिव्यासोबत बॅटरीचा लाल दिवाही लागला असेल तर पुढचा प्रवास टाळाच.

नवीन बॅटरी बसवल्यावर दिवा लागला तर लगेच धसका घेऊ नका. काही गाड्यांत चाकाची मधली जागा सिस्टिम विसरते. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडं अंतर सरळ चालवा. बऱ्याचदा दिवा जातो. अरुंद जागेत गाडी लावताना चाक सारखं टोकापर्यंत फिरवलं तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबलं की पूर्ववत.

त्यानंतर फ्यूज आणि वायर. ईपीएसचा मोठा फ्यूज बहुधा इंजिनजवळच्या डब्यात असतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार गुंडाळून काम भागवणारे मेकॅनिक आपल्याकडे कमी नाहीत, पण त्यातून आग लागू शकते. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहते तिथे उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही बघा. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरतं.

एवढं करूनही दिवा राहिला तर स्कॅनर लावावा लागतो. मोबाईलला जोडायचं स्वस्त यंत्र अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतं, स्टेअरिंगचे नाही. म्हणून ज्याच्या स्कॅनरमध्ये ईपीएस उघडतं अशाच ठिकाणी जा आणि कोड कागदावर लिहून मागा. "कॉलम बदला" म्हणणाऱ्याला विचारा, कोणता कोड आला? लोडवर व्होल्टेज किती होतं? उत्तर नसेल तर पैसे देऊ नका. कॉलम खरंच उघडायचा असेल तर काम जाणकाराकडेच द्या, कारण त्याच चाकात एअरबॅग असते.

जुन्या सुमो, बोलेरोसारख्या तेलावरच्या पॉवर स्टेअरिंगची गोष्ट वेगळी. तिथे डब्यातलं तेल, गळती आणि बेल्ट बघायचा.

सेकंडहँड गाडी घेताना एक गोष्ट विसरू नका. चावी ऑन केल्यावर हा दिवा क्षणभर लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

आणि दिवा नाही म्हणजे स्टेअरिंग ठणठणीत, असंही नाही. २४ जुलै २०२३ रोजी मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या स्टेअरिंग टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता कंपनीने सांगितली होती. टाय रॉड हा निव्वळ लोखंडी भाग; त्याला सेन्सर नाही, त्यामुळे दिवा लागायचा प्रश्नच नाही. खडखड आवाज, चाकात ढिलेपणा, गाडी एका बाजूला ओढणं हीच त्याची खूण. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आली असेल तर कंपनीचा निरोप पहिल्या मालकाकडेच गेलेला असतो. आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. अशा दोषाचा भाग कंपनी मोफत बदलून देते.