कानाशी वाजणारे वाक्य

परवा रात्री बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या घरी जेवताना बारावीतल्या मुलीने विचारले, "बाबा, विज्ञानकथेत सत्तेशी एकटा लढणारा माणूस शेवटी हरतोच. मग लढायचे कशाला?"

तिने नुकतीच जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी संपवली होती. १९४९ सालच्या या पुस्तकातला विन्स्टन चोरून डायरी लिहितो, पकडला जातो, छळाने मोडतो आणि अखेर छळणाऱ्या सत्तेवरच प्रेम करू लागतो. प्रश्न रास्त होता. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही.

मग तिला ऑल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ची गोष्ट सांगितली. हे पुस्तक १९३२ सालचे. त्यात माणसे बाटल्यांत तयार होतात. समाजाच्या पाच पायऱ्या. कोण कुठल्या पायरीवर, ते जन्माआधीच ठरते. सर्वांत खालच्यांना गर्भातच प्राणवायू कमी देतात, म्हणजे बुद्धी खुंटते. पुढे मुले झोपली की त्यांच्या कानाशी एकच वाक्य शेकडो वेळा वाजवतात : आपली पायरीच बरी. तरी कुणी उदास झालाच, तर 'सोमा' नावाची गोळी. चाबकाची गरजच उरत नाही.

मुलगी म्हणाली, "ही तर आपलीच गोष्ट!"

खरेच. हक्सलीने कल्पनेने रंगवले, ते आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले. तिथे कानाशी यंत्र होते, इथे पोथी होती.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते. पण ते कागदावर. सवर्णांची दहशत आणि पिढ्यानपिढ्या मनात मुरलेली भीती आडवी येत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ते पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून हजारो प्यायले. त्याच दिवशी लोकांनी मारही खाल्ला. तरी डिसेंबरात ते पुन्हा महाडला जमले.

मुलीला आम्ही म्हणालो, "विन्स्टनच्या मागे कुणी नव्हते, म्हणून तो मोडला. प्रश्न एकट्यालाच पडतो. पाऊल मात्र मिळून टाकावे लागते."

आज कानाशी मोबाईल आहे. तेच तेच वाक्य दिवसातून दहादा येते. ते पुढे पाठवण्याआधी घरात एकमेकांना एवढे विचारावे : हे कोण सांगतो आणि यात त्याचा फायदा काय?

मुलगी सध्या हक्सलीचे पुस्तक शोधते आहे. ते मिळाले की आम्हीही वाचणार आहोत, या खेपेला तिच्यासोबत.